आचारी, आचार्य आणि नवी आवृत्ती : ब्लॉग स्थलांतराच्या प्रकल्प नोंदी

३ मार्च २०२५

आमचा मराठी ब्लॉग ज्या प्लॅटफॉर्मवर चालतो त्याची जुनी आवृत्ती ३० एप्रिलला बंद होणार, अशी पिवळी पट्टी डॅशबोर्डवर झळकतेय. त्याआधी आपणहून नव्यावर गेलात तर उत्तम, नाहीतर ते स्वतः उचलून नेणार. परक्याने सामान हलवलं की काय काय फुटतं ते ठाऊक असल्याने आम्हीच हलवायचं ठरवलं. काम माझ्याकडे आलं, कारण पासवर्ड माझ्याकडे आहेत. याहून मोठी पात्रता नाही.

मोजदाद: प्रसिद्ध लेख ६४२, अर्धवट ड्राफ्ट ५७, प्रतिक्रिया नऊ हजारांवर, चित्रं तीन हजारांच्या आसपास. सगळा एक्सपोर्ट उतरवून घेतला, दोन वेगळ्या डिस्कवर ठेवला आणि दोन्ही प्रती उघडून पाहिल्या. न उघडलेला बॅकअप म्हणजे बॅकअप नव्हे, हे मागच्या वेळी चांगलंच कळलंय.

'नवीन काय' या पानावर ३४ मुद्दे आहेत. 'काय काढलं' असं पान मात्र कुठे सापडलं नाही. ते माझ्या वहीत मीच करणार.

४ मार्च

चाचणी प्रत उभी केली, सगळे लेख इम्पोर्ट केले. चाळीस मिनिटं लागली, एकही एरर नाही. अशा वेळी मला जास्त भीती वाटते.

एडिटर पूर्ण बदललाय. लेख आता सलग कागद नाही, ब्लॉकची उतरंड आहे: परिच्छेद एक ब्लॉक, चित्र एक ब्लॉक, अवतरण एक ब्लॉक. वर्डप्रेस या ब्लॉग चालवणाऱ्या प्रणालीने ६ डिसेंबर २०१८ ला ५.० आवृत्तीत हाच फेरा आणला, तेव्हा जुन्या एडिटरसाठी लोकांनी इतका धोशा लावला की तो वेगळ्या प्लगइनमध्ये (वरून बसवायच्या जोडणीत) जिवंत ठेवावा लागला. इथे तसली पळवाट नाही.

तरी खरं सांगायचं तर दोन गोष्टी मनापासून आवडल्या. एक, आवृत्त्यांची तुलना. लेखात कोणी कधी काय बदललं ते शब्दाशब्दाला रंगवून दिसतं. संपादक ताईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "आता माझा स्वल्पविराम कोण खातं ते कळेल." दुसरी, चित्राला पर्यायी मजकूर दिला नसेल तर प्रकाशित करण्याआधी एडिटर हटकतो. पडदा-वाचक वापरणारे दोन नियमित वाचक आम्हाला आहेत. इतकी वर्षं आम्ही त्यांच्यासमोर 'आयएमजी अंडरस्कोर शून्य शून्य चार' वाचून दाखवत होतो, याची लाज वाटली.

६ मार्च

कविता.

जुन्या एडिटरमध्ये ओळ संपली की नुसती ओळ तुटायची. नव्यात एंटर दाबलं की नवा परिच्छेद, आणि इम्पोर्ट करतानाही त्याने तेच केलं. त्यामुळे चार ओळींचं कडवं म्हणजे चार परिच्छेद, आणि दोन ओळींमध्ये एवढी मोकळी जागा की मध्ये कोणी खुर्ची टाकून बसावं. कडव्यांमधलं अंतर आणि ओळींमधलं अंतर सारखंच झाल्याने कडवं कुठे संपलं तेच कळत नाही.

कवितेचं सदर सर पाहतात. त्यांना दाखवलं. पाचेक मिनिटं ते पडद्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "ही कविता नाही, ही यादी आहे."

कवितेसाठी वेगळा ब्लॉक आहे, हे सतराव्या मेनूत सापडलं. त्यात ओळी आणि ओळीआधीची मोकळी जागा नीट राहते. पण १३८ कविता एकेक करून त्यात टाकायच्या म्हणजे महिना गेला. रात्री एक छोटी स्क्रिप्ट लिहिली: लेखाला 'कविता' टॅग असेल तर एक्सपोर्ट फाइलमध्येच मजकूर त्या ब्लॉकच्या खुणांमध्ये गुंडाळायचा आणि मग इम्पोर्ट करायचा. आठ कवितांवर चालवली, सात नीट आल्या. आठवी गद्यकाव्य निघाली. ती सर हाताने करणार.

७ मार्च

डार्क मोड चालू केला आणि दीडशेच्या वर लेख गायब. म्हणजे होते, पण काळ्यावर काळे. वर्ड प्रोसेसरमधून चिकटवलेल्या मजकुराबरोबर 'रंग: काळा' ही सूचना प्रत्येक ओळीत शिरून बसली होती, पांढऱ्या पानावर इतकी वर्षं ती कोणाला दिसली नाही. दोष नव्या आवृत्तीचा नाही, आमचा. एक्सपोर्ट फाइलमधून त्या सूचना उपटल्या.

१० मार्च

प्रत्येक लेखाच्या शीर्षकाखाली आता 'वाचनकाळ' येतो. आमच्या सगळ्या लेखांवर लिहिलंय: ० मिनिटं.

सर खूश. "आपलं लेखन वाचायला वेळच लागत नाही."

कारण सोपं आहे. शब्द मोजणारं गणित फक्त रोमन अक्षरांनाच शब्द समजतं. देवनागरी त्याला विरामचिन्हांच्या ढिगासारखी दिसते. पडताळायला एका लेखात मुद्दाम दोनशे इंग्रजी शब्द घातले, लगेच '१ मिनिट' झालं. प्लॅटफॉर्मवाल्यांकडे तक्रारीचं तिकीट टाकलं, स्क्रीनशॉट जोडला. हा आकडा थीममधून (साइटचं रूप ठरवणाऱ्या साच्यातून) लपवता येत नाही, हे वेगळंच दुखणं.

१२ मार्च

आज दिवसभर पत्ते.

जुन्या आवृत्तीत लेखाचा पत्ता मराठी शीर्षकावरून बने. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट घेतं आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्का-चिन्हासकट ३ अक्षरांत लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला ९. पत्त्याच्या रकान्याला २०० ची मर्यादा होती, तेव्हा जेमतेम २२ चिन्हं मावायची. काना, वेलांटी, हलन्त यांचीही गणती त्यातच, म्हणून शीर्षकं तिसऱ्या-चौथ्या शब्दावर तुटायची. विचित्र दिसे, पण लिंक चालायची.

नव्याने मर्यादा वाढवलीय. छान. पण पत्ता तयार करताना 'अक्षर नाही' ते सगळं तो गाळतो, आणि काना-मात्रा-वेलांटी त्याच्या लेखी अक्षर नाहीत. 'कविता'चा पत्ता झाला 'कवत'. 'किल्ला' झाला 'कलल'. टॅगमध्ये तर गंमतच. आमच्याकडे 'वाचन' आहे आणि 'वचन' पण आहे. दोन्हींचा पत्ता 'वचन', म्हणून दुसऱ्याला आपोआप 'वचन-२' असं नाव मिळालं. वाचनाला दोन नंबरचं वचन करून टाकलं.

त्यात इम्पोर्ट करताना जुने पत्ते ठेवलेच नाहीत, सगळे नव्याने पाडलेत. ६४२ लेखांच्या बाहेरच्या सगळ्या लिंक मेल्या समजायच्या.

उपाय: पत्ता हाताने लिहिण्याची सोय आहे, ती वापरायची. संपादक ताई आणि मी रोमन लिपीत छोटे पत्ते ठरवतोय, आणि जुना-नवा अशा दोन रकान्यांची फाइल करतोय. प्लॅटफॉर्म अशी फाइल घेऊन ३०१ रिडायरेक्ट लावतो, म्हणजे 'कायमचा हलला' असं शोधयंत्रांना कळतं. ही सोय जुन्यात नव्हती. नव्याने मोडलं आणि पट्टीही नव्यानेच दिली.

जाता जाता सबस्क्रायबरांची यादीही आत घेतली, ४११ पत्ते. मेलचं नंतर बघू.

१५ मार्च

सगळ्यात वाईट गोष्ट आज सापडली, तीही योगायोगाने.

एका जुन्या लेखाखाली वाचकाने कुटुंबाची इमोजी टाकली होती: आई, बाबा, दोन मुलं, एकाच चित्रात. चाचणी प्रतीत ती चौघं सुटी होऊन एका ओळीत उभी. पाहून हसलो. मग हसू थांबलं. ती चौघं ज्याने बांधलेली असतात तो झीरो विड्थ जॉइनर, न दिसणारा सांधा. इमोजीतून तो गेला असेल तर मजकुरातूनही गेला असणार.

आणि मराठीत तो आहे. दुसऱ्या, तऱ्हा, कुऱ्हाड यांमधला चंद्रकोरीसारखा अर्धा र संगणकावर दोन प्रकारे लिहिला जातो. एक, त्यासाठी असलेला स्वतंत्र 'ऱ', त्याला हलन्त, मग य किंवा ह. दुसरा, साधा र, हलन्त आणि मध्ये तो न दिसणारा सांधा. दिसायला दोन्ही सारखे. जुने कीबोर्ड वापरणाऱ्या आमच्या लेखकांनी बरीच वर्षं दुसराच प्रकार लिहिलाय.

इम्पोर्टने 'अनावश्यक अदृश्य चिन्हं' म्हणून तो सांधा साफ केला. साफ केल्यावर अर्धा र उडून रफार होतो. तऱ्हा झाली 'तर्हा'. ती वाचकाला निदान खटकेल तरी. पण एका लेखात वाक्य होतं, "आचाऱ्यांना सकाळी सातला बोलावलं होतं." आता तिथे "आचार्यांना सकाळी सातला बोलावलं होतं" असं आहे. स्वयंपाकी जाऊन गुरुजी आले आणि वाक्य व्याकरणाने शुद्ध! प्रवासवर्णनात डोंगर-दऱ्यांचे डोंगर-दर्या झालेत, म्हणजे लेखक डोंगरावरून थेट समुद्रात. अशी चूक कुठलाही तपासनीस पकडणार नाही, कारण तिथे चूक दिसतच नाही.

किती लेख? मोजले. ३१७.

१६ मार्च

चाचणी प्रतीतच दुरुस्ती करता येईल का, ते आधी पाहिलं. 'र्ह'चा सरसकट 'ऱ्ह' करणं बरंचसं चालेल, पण 'अर्हता' बिघडेल. 'र्य'चं तर शक्यच नाही. सूर्य, कार्य, धैर्य, खुद्द आचार्य, सगळे रफारवाले. कुठला आचार्य खरा आणि कुठला मुळात आचारी, हे यंत्राला कळायचं नाही, आणि रात्री दोन वाजता मलाही.

तेव्हा दुरुस्ती उगमापाशीच करायची. मूळ एक्सपोर्टमध्ये सांधा अजून शाबूत आहे, तिथे संशयाला जागा नाही. 'र, हलन्त, सांधा' दिसला की 'ऱ, हलन्त' करायचं, बस्स. तिसरं एक रूप निघालं, र आणि खाली नुक्ता. यूनिकोड या अक्षरांच्या जागतिक मानकाच्या प्रमाण जोड-रूपात आणलं की त्याचाही 'ऱ' होतो. चार ओळींची स्क्रिप्ट. चालवली. चाळीस लेख डोळ्यांनी तपासले. आचारी परत कामावर हजर.

एक फायदा अनपेक्षित. पूर्वी शोधपेटीत 'दुसऱ्या' टाकलं की अर्धेच लेख सापडायचे, कारण बाकीचे दुसऱ्या रूपात होते. आता सगळे सापडतात.

उद्या-परवा चाचणी प्रत रिकामी करून कविता, रंग आणि ऱ अशा तिन्ही दुरुस्त्यांसह पुन्हा इम्पोर्ट.

१८ मार्च

सकाळी ९.१० ला इम्पोर्ट सुरू केला. ९.१७ ला संपादक ताईंचा फोन: "अहो, मला आपल्याच ब्लॉगच्या मेल येताहेत. बऱ्याच."

'प्रकाशित होताच सबस्क्रायबरांना मेल' हा खटका नव्या आवृत्तीत मुळातच चालू असतो. पहिल्या इम्पोर्टला काही झालं नाही, कारण तेव्हा यादी आत नव्हती. ती मीच १२ तारखेला 'जाता जाता' घातली. इम्पोर्ट झालेला लेख आणि आज प्रकाशित झालेला लेख यांत त्या खटक्याला फरक कळत नाही. २०१४ चा लेखही त्याच्या दृष्टीने ताजाच.

थांबवेपर्यंत ३८ लेख गेले होते. ४११ जणांना. प्रत्येकी ३८.

प्लॅटफॉर्मचा दोष आहेच, पण यादी चाचणी प्रतीत टाकणारा मी. वहीत दोन्ही लिहून ठेवतो.

१९ मार्च

माफीची मेल पाठवली. एकच, आणि पाठवण्याआधी तिघांनी वाचली. २६ जणांनी नाव काढून घेतलं. मेल क्लायंटमधल्या एका क्लिकने बाहेर पडण्याची जी सोय (आरएफसी ८०५८ हे इंटरनेट मानक, २०१७) नव्या आवृत्तीत आलीय, ती उत्तम चालते हे अशा रीतीने सिद्ध झालं. २०२४ पासून जीमेल आणि याहू मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांकडून ती सक्तीने मागतात, म्हणून ती आली असणार.

एका वाचकाने उलट लिहिलं: अकरा वर्षांपूर्वीचा तो लेख पुन्हा वाचून बरं वाटलं, बाकी ३७ पुरवून वाचीन.

२० मार्च

मेलवरून धडा घेऊन फीड (नवे लेख वाचकांपर्यंत आपोआप पोचवणारी यादी) तपासलं, आणि तिथेही तेच वाढून ठेवलेलं. फीडमधल्या प्रत्येक लेखाला एक ओळखक्रमांक असतो. वाचकाचं फीड-अ‍ॅप त्यावरून 'हा वाचलाय' हे ठरवतं. नव्याने सगळ्यांना नवे ओळखक्रमांक दिलेत. अ‍ॅटम फीडच्या मानकात (आरएफसी ४२८७, डिसेंबर २००५) चक्क लिहिलंय की लेख हलवला, पुन्हा प्रकाशित केला, निर्यात केला की आयात केला, ओळख बदलता कामा नये. वीस वर्षं होत आली त्या वाक्याला.

१ जुलै २०१३ ला गूगल रीडर ही फीड वाचण्याची सेवा बंद झाल्यापासून "फीड आता कोण वाचतं?" असं विचारणारे बरेच भेटतात. आमचे वाचतात, आणि तेच सगळ्यात चिकाटीचे वाचक आहेत. ओळखक्रमांक हाताने बदलता येत नाही. जुगाड: फीडमध्ये किती लेख द्यायचे तो आकडा बदलादिवशी १ करायचा. म्हणजे जुना लेख नवा होऊन आलाच तर एकच येईल. आठवड्याने आकडा परत २०.

२३ मार्च

प्रतिक्रिया. कशाखाली काय, ही उतरंड नव्यात दोनच पायऱ्यांची. तिसऱ्या पायरीपासून पुढचं सगळं सपाट. सहा-सहा पायऱ्या खोल गेलेले वाद आमच्याकडे आहेत, शुद्धलेखनावरचे तर विचारूच नका. आता 'वरच्या मताशी पूर्ण असहमत' असं एकजण म्हणतो आणि त्याच्या वर त्याचंच मत आहे.

उपाय नाही. तिसऱ्या पायरीपासून प्रत्येक प्रतिक्रियेच्या सुरुवातीला '(अमुक यांना)' एवढं स्क्रिप्टने जोडलं.

२७ मार्च

चित्रं: नवी आवृत्ती स्वतःच वेबपी (चित्रांचं हलकं स्वरूप) करून देते, पानं हलकी झाली. एकच खोट. 'गरज पडेल तेव्हाच चित्र आणा' ही युक्ती तो पहिल्या, सगळ्यात मोठ्या चित्रालाही लावतो, म्हणजे जे सर्वांत आधी दिसायला हवं तेच सर्वांत उशिरा. थीममध्ये त्या एका चित्रापुरती बंद केली.

२९ मार्च

नव्या थीममध्ये परिच्छेदाचं पहिलं अक्षर मोठं करायची सोय आहे. सरांना हौस. पहिला शब्द होता 'स्त्री'. मोठं झालं फक्त 'स्', पाय मोडलेलं, आणि पुढे बारीक 'त्री'. जोडाक्षर हे एकच अक्षर धरावं, हा नियम यूनिकोडने देवनागरीसारख्या लिप्यांसाठी २०२३ मध्ये १५.१ आवृत्तीत घातला. तो अजून सगळीकडे पोचलेला नाही. सोय बंद ठेवलीय. 'कमळ'ने सुरू होणाऱ्या लेखांना चालेल, असं सर म्हणाले. तेवढ्यासाठी नको.

ओळींतलं अंतरही वाढवावं लागलं. थीमने रोमन अक्षरांच्या मापाने ठेवलेलं, त्यामुळे वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसत होते. शीर्षकांमध्ये अक्षरं सुटी करण्याची जी फॅशनेबल सूचना आहे तीही काढली. त्याने शिरोरेषा तुटून शब्द दातपडका दिसतो.

शीर्षक सुचवणारं एक एआय बटण आहे. एका शोकलेखाला त्याने सुचवलं: 'या पाच आठवणी तुम्हाला थक्क करतील'. बटण लपवलं.

२ एप्रिल

बाहेर पडायचा दरवाजा तपासला. हे काम खरं तर ४ मार्चला करायला हवं होतं.

नव्या आवृत्तीचा एक्सपोर्ट एका जेसॉन फाइलमध्ये (माहितीच्या साध्या मजकूर-फाइलमध्ये) निघतो. लेख येतात, टॅग येतात. प्रतिक्रिया येत नाहीत. चित्रांच्या जागी त्यांच्याच सर्व्हरवरच्या लिंक, म्हणजे खातं बंद केलं की चित्रं गेली. जुना एक्सपोर्ट याहून कितीतरी प्रामाणिक होता. ३४ मुद्द्यांच्या पानावर याबद्दल अवाक्षर नाही.

मग दर महिन्याच्या १ तारखेला साइटची सगळी पानं, चित्रं आणि प्रतिक्रियांसकट, बाहेरून उतरवून घेणारी स्क्रिप्ट लावली. वहीत 'काय गेलं' खाली सगळ्यात वर हे लिहिलं, लाल पेनाने.

८ एप्रिल

बदल केला. रात्री ११ ला, मेलचा खटका बंद आहे हे तिघांनी आपापल्या पडद्यावर पाहून. फीड १ वर. रिडायरेक्टची फाइल चढवली. ५० जुने पत्ते टाकून पाहिले, ४९ चालले. पन्नासावा मुळातच कधी नव्हता, मी चुकीचा टाइप केला होता.

१४ एप्रिल

सहा दिवसांत सापडलेली हरवलेली पानं ११, सगळी दुरुस्त. फीड परत २० वर. २६ पैकी ४ सबस्क्रायबर परत आले.

वाचनकाळाच्या तिकिटाला आज उत्तर आलं, पाच आठवड्यांनी: "दोष दूर केला आहे." लगेच जाऊन पाहिलं. शून्य कुठेही नाही. सहा ओळींच्या कवितेवर '१ मिनिट', आणि सरांच्या चौदा हजार शब्दांच्या लेखमालेच्या एकत्रित पानावरही '१ मिनिट'. तिकीट पुन्हा उघडलं.